लहानपणीचा आजार, त्याचे उपचार आणि पुढे बाप होण्याची क्षमता : फाईलमध्ये काय शोधायचे?

मांडवीकाठ (पणजी)

मुलग्यांच्या आजारांवरच्या जवळपास प्रत्येक धाग्यात कुणीतरी विचारतेच, "मोठेपणी मूल होईल ना?" उत्तरे दोनच टोकांची येतात. एक, "काही होत नाही हो, देवाक काळजी." दुसरे, "किमो झाली ना, मग विषय संपला." दोन्ही उत्तरे फाईल न उघडता दिलेली असतात.

आजाराच्या नावावरून फार थोडे कळते. औषध कोणते, सगळे मिळून किती, कोणत्या वयात आणि वृषणांवर थेट काय झाले, यावर पुढचे ठरते. अमेरिकेत बालकर्करोगातून बऱ्या झालेल्यांची एक मोठी पाहणी वर्षानुवर्षे चालू आहे. तिच्या २०१० च्या निष्कर्षात, स्वतःच्या भावांच्या तुलनेत या पुरुषांमुळे गर्भधारणा होण्याचे प्रमाण ०.५६ पट निघाले. पण ही सरासरी आहे. तिच्यात ज्यांना काहीच फरक पडला नाही तेही आहेत आणि ज्यांचे शुक्राणू शून्यावर गेले तेही. आपला मुलगा कुठल्या गटात, ते सरासरी सांगत नाही.

कर्करोगाखेरीज न उतरलेले वृषण, वृषणाला पडणारा पीळ, गालगुंड, नेफ्रोटिक सिंड्रोम (मूत्रपिंडाचा आजार), थॅलेसेमिया हेही याच धाग्यात घेऊ. लॅब, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया यांत काम करणाऱ्यांनी आकड्यांसकट लिहावे. घरगुती औषधांना वेगळा धागा आहे, कृपया तिकडे.

हेमा_औषधशास्त्र (फोंडा)

औषधांपासून सुरुवात करते. शुक्राणूंच्या मूळपेशींना सर्वांत जास्त मारतात ती अल्किलेटिंग गटातली औषधे: सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन, मेल्फलान, बुसल्फान, लोमुस्टिन वगैरे. सिस्प्लॅटिन या गटात मोजत नाहीत, पण मोठ्या डोसमध्ये तेही निरुपद्रवी नाही. व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन यांचा कायमचा परिणाम तुलनेने कमी.

वेगवेगळी औषधे एका मापात आणायला "सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीचा डोस" काढतात. प्रत्येक औषधाचा शरीराच्या चौरस मीटरमागे झालेला एकूण मिलिग्रॅम डोस ठरलेल्या गुणकाने गुणायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. सायक्लोफॉस्फामाइड १, आयफॉस्फामाइड ०.२४४, प्रोकार्बाझिन ०.८५७, बुसल्फान ८.८२३, लोमुस्टिन १६, मेल्फलान ४०, थायोटेपा ५०.

हॉजकिन म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग. त्याच्या जुन्या उपचारातला कॉप हा औषधसंच घ्या. एका फेरीत प्रोकार्बाझिन १०० मिग्रॅ रोज, १४ दिवस, म्हणजे १४००. गुणिले ०.८५७ = १२००. सायक्लोफॉस्फामाइडचे ६०० चे दोन डोस धरले तर आणखी १२००. फेरीला २४००, सहा फेऱ्यांना १४,४०० मिग्रॅ. आता रक्ताच्या कर्करोगाचा नेहमीचा लिंफोब्लास्टिक प्रकार घ्या. त्याच्या बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये सायक्लोफॉस्फामाइड एकूण १००० ते ३००० च्या आसपासच असते. २०१४ च्या एका अभ्यासात ४००० च्या खाली शुक्राणूनिर्मिती बिघडण्याची शक्यता कमी आढळली. म्हणजे "किमो" हा एकच शब्द, पण एका मुलाचा आकडा दुसऱ्याच्या पाचपट असू शकतो.

४००० ही लक्ष्मणरेषा मात्र नव्हे. त्याच अभ्यासात वरच्या आकड्यांतही काहींचे शुक्राणू व्यवस्थित होते आणि खालच्या आकड्यांतही काहींचे कमी. धोका कुठे वाढतो हे या आकड्यावरून कळते, निकाल कळत नाही.

डिचोलकर

हेमाताई, एक शंका. मुलगा सात-आठ वर्षांचा असेल तर त्याच्यात शुक्राणू तयारच होत नसतात. मग औषध मारणार कशाला? आमच्याकडे सगळे असेच सांगतात की वयात यायच्या आधी किमो झाली तर काळजी नाही.

हेमा_औषधशास्त्र (फोंडा)

डिचोलकर भाऊ, हा समज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षे होता. शुक्राणू नसले तरी ज्यांतून ते पुढे होणार त्या मूळपेशी जन्मापासून तिथेच असतात, आणि बालपणातही हळूहळू विभागत असतात. अल्किलेटिंग औषध त्यांनाच गाठते. मूळपेशी सगळ्या गेल्या तर वयात आल्यावर नळ्या रिकाम्या राहतात. त्यामुळे लहान वय हे कवच नाही.

याच समजातून निघालेली दुसरी गोष्ट म्हणजे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन वृषण "झोपवून" ठेवायचे. उंदरांत आशा दिसली, पुरुषांत उपयोग सिद्ध झाला नाही. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर पुरावा मागा.

रेडिओ_बार्देश (म्हापसा)

किरणांचे गणित वेगळे असते, थोडक्यात देतो. शुक्राणूंच्या मूळपेशी फार नाजूक. वृषणावर ०.१ ते १.२ ग्रे (किरणांच्या डोसचे माप) एवढ्यानेही निर्मिती बिघडते, ४ ग्रेच्या वर कायमची थांबण्याची भीती असते. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी बऱ्याच दणकट. लहान मुलात त्या साधारण २० ग्रेपर्यंत आणि वयात आलेल्यात ३० ग्रेपर्यंत तग धरतात. वृषणात ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) परतल्यावर देतात तो २४ ग्रे लहान मुलात ४ आणि २० या दोन्ही मर्यादा कशा ओलांडतो ते त्यावरून कळेल. मूळपेशी तर जातातच, आणि लहान मुलाला पुढे टेस्टोस्टेरॉनही बाहेरून द्यावे लागू शकते.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी सर्वांगावर देतात तो साधारण १२ ग्रे. त्यात वृषणे आलीच. पोट किंवा कमरेखालच्या भागावर किरण दिले असतील तर विखुरलेला डोस वृषणांपर्यंत किती पोचला हे रेडिओथेरपीच्या नोंदीत असते. शिशाचे कवच लावले होते का, तेही असते. डिस्चार्ज कार्डावर नुसते "आरटी दिली" लिहितात, त्याचा काही उपयोग नाही. फील्ड (किरण दिलेला भाग) आणि ग्रे दोन्ही मागून घ्या.

डोक्यावर ३० ग्रेच्या वर असेल तर प्रश्न वृषणाचा नसून त्याला हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा असू शकतो. तो प्रकार औषधांनी बऱ्यापैकी सुधारता येतो, म्हणून वेगळा ओळखणे महत्त्वाचे.

लॅबवाली (पर्वरी)

उपचार सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांबद्दल लिहिते, कारण हातातून सगळ्यात जास्त निसटते ते तिथेच.

मुलगा वयात येऊ लागला असेल, साधारण १२-१३ च्या पुढे, तर आधी वृषणांचे आकारमान बघतात. ऑर्किडोमीटर नावाची मण्यांची माळ असते, १ ते २५ मिलीपर्यंतचे मणी. ४ मिली म्हणजे वयात यायला सुरुवात, १० ते १२ च्या पुढे नमुन्यात शुक्राणू मिळण्याची शक्यता चांगली. दाढी-मिशी फुटायची वाट बघू नका.

गोठवायचा वीर्याचा नमुना किमोच्या पहिल्या डोसच्या आधी. एक डोस झाला की तयार होत असलेल्या शुक्राणूंच्या गुणसूत्रांना इजा झालेली असू शकते, मग गोठवून ठेवणे बरोबर नाही. आधीच्या वीर्यपतनापासून दोन ते पाच दिवसांचे अंतर हे पुस्तकातले. कर्करोगात तेवढा वेळ नसतो, एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन नमुने मिळाले तरी पुष्कळ. ताप, अशक्तपणा आणि मूळ आजार यांमुळे आकडे आधीच कमी असतात, विशेषतः हॉजकिनमध्ये. ते बघून घरच्यांनी नाउमेद होऊ नये. इक्सी पद्धतीत एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू लागतो, त्यामुळे आम्ही थोडेसुद्धा फेकत नाही.

भांडे शुक्राणू बँकेनेच दिलेले, रुंद तोंडाचे, निर्जंतुक. थुंकी, साबण, तेल, क्रीम काही नको, शुक्राणू मरतात. पहिला भाग सांडला तर तसे सांगा, कारण बहुतेक शुक्राणू त्याच भागात असतात. घरून आणायचा असेल तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचला पाहिजे, शर्टाच्या आत अंगाला लावून. गाडीतल्या एसीसमोर किंवा बर्फाच्या डब्यात ठेवून आणलेला नमुना वाया जातो. म्हापशाहून पणजी गाठताना पर्वरीच्या रहदारीत अर्धा तास कधी संपतो ते कळत नाही, म्हणून शक्यतो केंद्रातच द्यावा.

पुढचे काम आमचे. ग्लिसरॉल असलेल्या द्रवात मिसळून छोट्या नळ्यांत भरतो आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो. वितळवल्यावर हलणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण साधारण निम्म्यावर येते, ते गृहीतच धरलेले असते. दोन गोष्टी तुम्ही विचारा: नमुना किती नळ्यांत विभागला, आणि सगळ्या एकाच टाकीत आहेत की दोन. एकाच नळीत सगळे भरले तर पुढे एका प्रयत्नात सगळे वितळवावे लागते.

सोबत लागते: ऑन्कॉलॉजिस्टचे पत्र, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसचे रिपोर्ट, ओळखपत्र, आईवडिलांची संमती. आणि मुलाचा होकार. हे शेवटचे कागदावर छोटे दिसते, पण तेच नसले की पुढचे सगळे अडते.

कुडचडेची_शैला

लॅबवाली ताई, चौदा वर्षांचा पोर लाजेने तयारच झाला नाही तर?

लॅबवाली (पर्वरी)

शैलाताई, आधी आईवडिलांना खोलीबाहेर पाठवायचे. मुलाशी डॉक्टर किंवा समुपदेशक एकटे बोलतात, सरळ शब्दांत. "तुला पुढे मुले हवीशी वाटली तर उपयोगी पडेल, आता ठरवायचे काही नाही." वडील दाराशी उभे राहून घड्याळ बघत असतील तर नमुना मिळत नाही.

तरीही जमले नाही किंवा मुलगा फार आजारी असेल तर भूल देऊन विजेच्या सौम्य उत्तेजनाने नमुना काढता येतो, किंवा वृषणातून सुईने अथवा छोट्या छेदाने ऊती घेतात. पोर्ट (किमो देण्यासाठीची नळी) बसवायला किंवा बोनमॅरोच्या तपासणीसाठी भूल द्यायचीच असते. त्याच वेळी हे उरकता येते, पण आधी कुणीतरी विचारले पाहिजे. सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही आदल्या दिवशी माहीत हवे.

सत्तरीकर_वकील

कायद्याची बाजू. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ चा. कलम २८ मध्ये दात्याचे बीज किंवा भ्रूण साठवण्याला १० वर्षांची मर्यादा घातलेली आहे. शिवाय या कायद्याखाली पुरुषाला सेवा मिळते ती २१ पूर्ण झाल्यापासून ५५ पर्यंत. आता हिशेब करा. हीच मर्यादा मुलाला लावली, तर १३ व्या वर्षी ठेवलेल्या नमुन्याची दहा वर्षे २३ व्या वर्षी संपतात, बहुतेकांचे तेव्हा लग्नसुद्धा झालेले नसते. म्हणून आजारी मुलाच्या स्वतःच्या नमुन्याला ही मर्यादा बँक कशी लावते आणि मुदतवाढीची पद्धत काय, हे करारातच लेखी घ्या. तोंडी "बघू पुढे" चालणार नाही.

बँकेचा नोंदणी क्रमांक बघा. मूल १८ चे झाल्यावर करार त्याच्या नावावर करून घ्यायचा. वार्षिक शुल्क थकले किंवा पत्ता बदलला आणि नोटीस जुन्या घरी गेली, तर नमुना नष्ट होण्याची वेळ येऊ शकते. नोकरीसाठी आखातात नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात गेलेली घरे गोव्यात कमी नाहीत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

मांडवीकाठ (पणजी)

स्थानिक माहिती जोडतो. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून सरकारी आयव्हीएफ सेवा आहे. तिथे कर्करोगाच्या मुलासाठी दीर्घकाळ गोठवून ठेवायची सोय मिळेल का, हे बालरोग किंवा कर्करोग विभागातून फोनवर विचारायला सांगा. पालकांनी चिठ्ठी घेऊन मजले चढण्यापेक्षा डॉक्टरने डॉक्टरला फोन करणे जलद. मुंबईला टाटाला जायचेच ठरले असेल तर निघायच्या आधी, गोव्यात पहिला डोस पडायच्या आत हा प्रश्न काढा. नमुना इथे ठेवून नंतर हलवता येतो. नायट्रोजन शोषून घेतलेल्या कोरड्या पिंपातून नेतात, दोन्ही बँकांची कागदपत्रे जुळली पाहिजेत.

प्रयोगशाळा_ते_पाळणा (मडगाव)

वयात न आलेल्या मुलांचे काय, हा संशोधनातला सगळ्यात जिवंत भाग. या वयात शुक्राणू नसतात, म्हणून वृषणातला छोटा तुकडा काढून गोठवतात. जगभरात हजाराहून अधिक मुलांच्या ऊती अशा ठेवल्या आहेत. ही पद्धत अजून प्रायोगिकच आहे, हे संमतिपत्रावर स्पष्ट हवे.

वाटचाल थोडक्यात अशी. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एका उंदराच्या मूळपेशी दुसऱ्याच्या वृषणात घालून शुक्राणू तयार झाले. २०११ मध्ये जपानी गटाने नवजात उंदराची वृषण-ऊती बशीत वाढवून शुक्राणू मिळवले, त्यांच्यापासून पिल्लेही झाली. २०१९ मध्ये पिट्सबर्गच्या गटाने माकडाच्या वयात येण्याआधी गोठवलेल्या ऊतीचे त्याच माकडात रोपण केले, आणि त्यातून मिळालेल्या शुक्राणूंपासून एक मादी पिल्लू जन्मले. मग २०२५ मध्ये ब्रुसेल्सहून बातमी आली: २००८ मध्ये दहा वर्षांच्या मुलाची गोठवलेली ऊती मोठेपणी त्याच्याच अंगात परत बसवली. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता, प्रत्यारोपणाआधीच्या औषधांपूर्वी ऊती घेतली होती.

दोन अडचणी मोठ्या. रक्ताच्या कर्करोगात त्या तुकड्यात कर्करोगपेशी लपलेल्या असू शकतात. उंदरांवरच्या प्रयोगांत अगदी मोजक्या, वीसच्या आसपास, ल्युकेमिया पेशीही आजार पसरवायला पुरल्या. त्यामुळे अशा मुलाची ऊती परत त्याच्या अंगात घालता येत नाही, बशीतच शुक्राणू तयार करावे लागतील, आणि माणसाच्या ऊतीत ते अजून खात्रीने जमलेले नाही. दुसरी अडचण वेळेची. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का गटाने २०१८ मध्ये दाखवले की अल्किलेटिंग औषधे आधी मिळालेल्या मुलांच्या तुकड्यांत मूळपेशी कमी होत्या, हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या सिकलसेलच्या मुलांमध्येही. "दोन फेऱ्या होऊ देत, मग बघू" यात नेमके जे साठवायचे तेच कमी होते.

म्हणून हे प्रत्येक मुलाला करत नाहीत. धोका फार मोठा असेल, म्हणजे प्रत्यारोपण किंवा वरच्या हिशेबात आकडा खूप चढणार असेल, तरच. आपल्या जवळ मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात यावर काम चालते, मडगावहून उडुपीला थेट गाडी आहे.

चाकू_आणि_टाके (बांबोळी परिसर)

कर्करोगापेक्षा कितीतरी जास्त मुलांना लागू असलेल्या विषयाकडे या. न उतरलेले वृषण. पूर्ण दिवसांच्या मुलग्यांत जन्मतः साधारण ३ टक्के, अपुऱ्या दिवसांच्यांत ३० टक्क्यांपर्यंत. पहिल्या काही महिन्यांत बरीच आपोआप उतरतात, वर्षाच्या शेवटी १ टक्क्याच्या आसपास राहतात. सहा महिन्यांनंतर उतरायची शक्यता फार कमी, म्हणून ६ ते १८ महिन्यांत शस्त्रक्रिया करावी.

घाई का? वृषणकोशाचे तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी असते. शिवाय जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत संप्रेरकांची एक छोटी लाट येते आणि तिच्यात आदिम पेशी पुढच्या मूळपेशींत बदलतात. वर राहिलेल्या वृषणात हे नीट होत नाही, आणि उशिराने पेशींची संख्या घटत जाते. "शाळेत घालायच्या आधी करू" हा जुना सल्ला आता मोडीत निघाला.

निकाल सांगतो. पिट्सबर्गच्या जुन्या पाठपुराव्यात एका बाजूचे न उतरलेले वृषण असलेल्यांपैकी ८९.७ टक्के बाप झाले, निरोगी तुलनेत ९३.२ टक्के. दोन्ही बाजू असतील तर ६५.३ टक्के. म्हणजे एका बाजूच्या केसमध्ये घाबरायचे कारण नाही, दोन्ही बाजूंच्या केसमध्ये उशीर करायचे कारण नाही.

गोंधळ होतो तो वर-खाली पळणाऱ्या वृषणाशी. थंड हात लागला की ते वर जाते. बाळाला मांडी घालून बसवायचे, हात कोमट करून जांघेतून खाली आणायचे. कोशात आले आणि सोडल्यावर क्षणभर तिथेच राहिले तर ते पळते वृषण. त्याला शस्त्रक्रिया नको, पण वर्षातून एकदा तपासणी हवी, कारण काही पुढे वर चढून बसतात. पाठवण्याआधी सोनोग्राफी लागतेच असे नाही, तिच्यात पोटातले वृषण बऱ्याचदा सापडत नाही, आणि "दिसत नाही" या रिपोर्टवर घरचे वर्षभर बसून राहतात. उतरवण्यासाठी एचसीजी या संप्रेरकाची इंजेक्शने आता सुचवत नाहीत.

दोन्ही बाजूंना हातालाच लागत नसतील तर तो वेगळा विषय, आधी गुणसूत्रे आणि संप्रेरके तपासा.

हर्नियाचे ऑपरेशन लहानपणी झाले असेल तर एक ओळ: शुक्रवाहिनी पिशवीला अगदी चिकटलेली असते, क्वचित दुखावते. दोन्ही बाजूंचे हर्निया झालेल्या माणसाचे शुक्राणू शून्य आले तर हा इतिहास मूत्ररोगतज्ज्ञाला सांगा, कारण अडथळा असेल तर मागे कारखाना चालू असतो.

काणकोणचा_भाट

पीळ पडल्यावर किती वेळ असतो?

चाकू_आणि_टाके (बांबोळी परिसर)

सहा तास. त्याआत सोडवले तर बहुतेक वृषणे वाचतात, २४ तासांनंतर क्वचितच. अचानक दुखणे, ओकारी, एक बाजू वर ओढलेली, मांडीच्या आतून हलके खरवडले तरी वृषण हलत नाही. काही मुले फक्त "पोटात दुखते" सांगतात, म्हणून पोटदुखीच्या मुलग्याची चड्डी उतरवून बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळी गाठायला दीड-दोन तास धरा. १०८ ला फोन करताना "वृषणाला पीळ असू शकतो" हे शब्द वापरा. मडगावचे हॉस्पिसियो किंवा म्हापशाचे आजिलो रुग्णालय जवळ पडत असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का ते विचारूनच तिकडे वळा. वाटेत चहा-बिस्कीट नको, भूल द्यायची असते. लक्षणे स्पष्ट असतील तर डॉप्लरच्या (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या) रांगेत थांबायचे नाही. दुसऱ्या बाजूचे वृषणही त्याच वेळी टाके घालून बसवतात. ते केले का, हे ऑपरेशनच्या नोंदीत बघा.

हेमा_औषधशास्त्र (फोंडा)

गालगुंड पटकन आटपते. वयात येण्याआधी झाले तर वृषणाला सूज क्वचितच येते. नंतर झाले तर साधारण १५ ते ३० टक्क्यांत येते, बहुधा एकाच बाजूला. काहींचे वृषण आक्रसते, पण पूर्ण वंध्यत्व विरळाच. राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना एमएमआर ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षांना सुचवते, ती खाजगीत घ्यावी लागते. अंगणवाडीचे कार्ड पूर्ण भरलेले आहे म्हणजे गालगुंडाची लस झाली असे नव्हे.

नेफ्रोटिक सिंड्रोमवर मात्र थोडे थांबा, कारण तिथे कुणालाच "किमो" वाटत नाही. वारंवार उलटणाऱ्या आजारात तोंडाने सायक्लोफॉस्फामाइड देतात, रोज किलोमागे २ ते २.५ मिग्रॅ, ८ ते १२ आठवडे. एकूण मर्यादा किलोमागे १६८ मिग्रॅ. २० किलोच्या मुलाला ३३६० मिग्रॅ. त्याचे क्षेत्रफळ साधारण ०.८ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे ४२००. एका कोर्समध्येच आपण वर सांगितलेल्या ४००० ला टेकलो. म्हणूनच दुसरा कोर्स देत नाहीत. आजार बंगळूर, बेळगाव, गोवा असा तीन ठिकाणी फिरला असेल तर पहिला कोर्स झाल्याचे तिसऱ्या डॉक्टरला सांगायची जबाबदारी घरच्यांची.

थॅलेसेमियात वेगळेच होते. रक्त चढवल्याने साठलेले लोह पिट्युटरीत बसते, वृषणाला हुकूमच जात नाही. लोह उतरवणारी औषधे नियमित घेणे हाच बचाव. बिघाड झालाच तर एचसीजी आणि एफएसएच या संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी शुक्राणू तयार होऊ शकतात. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागतात, धीर लागतो.

प्रयोगशाळा_ते_पाळणा (मडगाव)

यालाच जोडून एक सापळा. असा मुलगा १७-१८ व्या वर्षी टेस्टोस्टेरॉन कमी म्हणून दाखवला की कुणीतरी टेस्टोस्टेरॉनचेच इंजेक्शन सुरू करते. दाढी येते, अंग भरते, सगळे खूश. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की पिट्युटरी गप्प होते आणि शुक्राणूनिर्मिती बंद पडते. गरज असेल तर द्यावेच लागते, पण आधी शुक्राणूंचा प्रश्न निकाली काढून. क्लाइनफेल्टरमध्येही (एक एक्स गुणसूत्र जास्त असण्याचा जन्मजात प्रकार) तसेच. साधारण ६०० मुलग्यांमागे एक असतो, वृषणे लहान आणि टणक. इंजेक्शनाआधी प्रजननतज्ज्ञाकडे एक फेरी. जिममधल्या "कोर्स"बद्दल वेगळे लिहायला नको.

डिचोलकर

बरे झाल्यावर तपासणी कधी आणि कोणती करायची? रक्तातल्या एफएसएचवरून कळते ना?

लॅबवाली (पर्वरी)

अंदाज येतो, खात्री होत नाही. एफएसएच आणि इन्हिबिन बी दोन्ही फसवतात. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही वीर्यतपासणीलाच पहिले स्थान आहे. १८ च्या पुढे, मुलाची स्वतःची इच्छा असेल तेव्हा. आणि टेस्टोस्टेरॉन ठीक आहे, दाढी आली, सगळे नॉर्मल चालू आहे, यावरून शुक्राणू आहेत असे धरू नका. रेडिओ_बार्देश यांनी सांगितलेल्या दणकट लायडिग पेशींमुळेच हा भास होतो. वृषणे वयाच्या मानाने लहान राहिली तर मात्र शंका घ्यावी, कारण त्यांचा बहुतेक आकार शुक्राणूंच्या नळ्यांमुळे असतो.

किमो संपून निदान वर्ष-दोन वर्षे गेलेली असावीत. शून्य आले तरी काहींत पुढच्या काही वर्षांत सुधारणा दिसते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून मधे टायफॉइड, डेंगी झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या खालच्या मर्यादा: वीर्य १.४ मिली, शुक्राणू मिलीमागे १.६ कोटी, एकूण ३.९ कोटी, त्यांतले हलणारे ४२ टक्के. याखाली म्हणजे अशक्य, असा अर्थ नाही.

"निल" लिहिलेला रिपोर्ट आला की एकच प्रश्न विचारा: नमुना सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ बघितला का? ३००० जी वर १५ मिनिटे फिरवल्यावर कधीकधी चार-दोन शुक्राणू सापडतात, आणि गोठवायला ते पुरतात. वेगवेगळ्या दिवशी दोन नमुने झाल्याशिवाय शून्य मानायचे नाही. वीर्य फारच थोडे येत असेल तर नंतरची लघवीही तपासा, मज्जातंतू दुखावले असतील तर ते उलटे मूत्राशयात जाते.

चाकू_आणि_टाके (बांबोळी परिसर)

दोन्ही नमुने शून्य आले तरी सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया असते. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल गटाने २०११ मध्ये किमोनंतर शून्य असलेल्या ७३ पुरुषांपैकी २७ जणांत शुक्राणू मिळवले, ३७ टक्के. भाराभर सुया टोचून घेण्यापेक्षा एकदाच, अनुभवी हातून, आणि त्याच दिवशी गोठवायची तयारी ठेवून.

उलट बाजूही सांगतो. "मला होणारच नाहीत" असे धरून कुणी गर्भनिरोधन सोडू नये. किमोनंतर निदान सहा महिने ते वर्षभर तर नक्कीच नाही.

कुडचडेची_शैला

आणि झालेल्या मुलात काही व्यंग?

प्रयोगशाळा_ते_पाळणा (मडगाव)

वडिलांच्या लहानपणच्या किमो-किरणांमुळे बाळात जन्मजात व्यंगे वाढलेली दिसली नाहीत, २०१२ च्या मोठ्या पाहणीत हे तपासले आहे. अपवाद मूळ आजारच आनुवंशिक असण्याचा. उदाहरणार्थ आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमात (डोळ्याच्या कर्करोगात) प्रत्येक अपत्याला जनुक जाण्याची शक्यता ५० टक्के. थॅलेसेमिया, सिकलसेलमध्ये होणाऱ्या बायकोची रक्ततपासणी आधी.

डिचोलकर

शेवटचे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फायली लोकांकडे नसतात. हॉस्पिटल देते का?

सत्तरीकर_वकील

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. त्यामुळे तीन वर्षांच्या आतल्यांनी आजच मागाव्यात. जुन्यांनीही अर्ज करावा, मोठी कर्करोग रुग्णालये नोंदी बरीच जास्त ठेवतात. अर्जात "संपूर्ण फाईल" असे लिहिले तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते. त्याऐवजी नावानिशी मागा: प्रोटोकॉलचे नाव, प्रत्येक औषधाचा चौरस मीटरमागचा एकूण डोस, त्या वेळचे वजन-उंची, किरणांचे फील्ड आणि ग्रे, ऑपरेशनची मूळ नोंद, शुक्राणू किंवा ऊती गोठवली असल्यास बँकेचा क्रमांक. पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह.

हेमा_औषधशास्त्र (फोंडा)

नर्सिंगचे औषधचार्टही मागा, सत्तरीकर बाब. लिहून दिलेला डोस आणि प्रत्यक्ष दिलेला डोस यांत फरक असतो. पेशी कमी झाल्या की फेरी पुढे ढकलतात किंवा डोस कापतात, आणि ते फक्त चार्टवर असते.